चाळीस वर्षं, विना तडजोड

११ फेब्रुवारी, रविवार

उद्यापासून एकांत. चाळीस दिवस. ठरलं म्हणजे ठरलं.

वाचनालयाचा हॉल २४ मार्चला मिळाला आहे. शनिवार, सकाळी अकरा. तिथल्या नेदेल्चेवाबाईंना जानेवारीतच फोन केला होता. म्हणाल्या, या खेपेला तरी नक्की ना, चाकारोव? दोनदा आयत्या वेळी रद्द केलंत. मी म्हटलं, बाई, कलेला कॅलेंडर नसतं. त्या म्हणाल्या, हॉलला असतं.

प्रदर्शनाचं नाव: 'चाळीस वर्षं, विना तडजोड'. या सेव्लिएवो गावाने चाळीस वर्षं माझ्याकडे बघितलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

झोर्नित्साला पत्र लिहायचं आहे. माझी एकुलती एक मुलगी. लाइपझिगला नर्स आहे. चार वर्षं बोलणं नाही. ती आली की झालं. मग गाव आलं काय, न आलं काय.

१२ फेब्रुवारी

एकांत सुरू. मोबाइल बंद करून कपाटात. बटाटे, कांदे, घेवडा, पीठ, लोणच्याच्या सात बरण्या भरून ठेवल्या. लाकडं मागच्या जिन्याने आणायची, म्हणजे कोणी भेटणार नाही.

रोज सहा तास काम. एक मोठा कॅनव्हास: तीन मीटर लांब, दोन मीटर उंच. नाव 'शांतता'.

दुपारी झोपलो. एकांत अंगवळणी पडायला वेळ लागतो.

१५ फेब्रुवारी

पत्र. 'प्रिय झोर्नित्सा' इथपर्यंत उत्तम जमलं आहे.

पुढे लग्नाचा विषय येतो. त्यात मी काय चूक केली ते अजून कळलेलं नाही. तिच्या लग्नाच्या आठवड्यात माझा कॅनव्हास ओला होता. ओला रंग सोडून कोणता चित्रकार लाइपझिगला जाईल? मी फोनवर तिला शांतपणे समजावलं, की लग्नं काय होतच राहतात, हा निळा परत मिळणार नाही. तिने फोन ठेवला. निळाही नंतर काळा पडला, पण तो दोष तेलाचा.

२१ फेब्रुवारी

स्टोव्ह धूर सोडतो. खिडकी उघडली तर रंग घट्ट होतो, बंद ठेवली तर मी गुदमरतो. हातमोजे घालून रंगवलं. 'शांतता' पुढे सरकते आहे. डावा कोपरा जवळपास पांढरा झाला. तो आधीपासून पांढरा होता, पण आता विचारपूर्वक पांढरा आहे.

कोस्तादिनची आठवण आली. आम्ही बरोबर शिकलो. तो हॉटेलांसाठी मठ आणि गुलाब रंगवतो. त्याच्याकडे गाडी आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार. मी मात्र तडजोड केली नाही. गेल्या वर्षी नदीकाठच्या खानावळीच्या भिंतीवर मासा रंगवला होता, पण त्यावर सही केली नाही. सही नसेल तर ती तडजोड होत नाही.

३ मार्च

दहा दिवस काही लिहिलं नाही. ताप. खोकला. एकट्यानेच काढला. लिंबू नव्हतं. कोणाला सांगणार? खालच्या मजल्यावर पेत्काना काकू आहे, पण तिला ऐकू कमी येतं, आणि एकांत म्हणजे एकांत.

तापात वाटलं, झोर्नित्सा कपाळावर हात ठेवते आहे. ओला टॉवेल होता.

८ मार्च

दार मोजलं. उंची एकशे ऐंशी सेंटिमीटर. 'शांतता' दोन मीटर. जिन्याचं वळण त्याहून वाईट. म्हणजे चित्र बाहेर जाऊ शकत नाही.

निर्णय: 'शांतता' प्रदर्शनात नसेल. तिची अनुपस्थिती जाणवेल, हाच तिचा परिणाम. जुनी चौतीस चित्रं पुरे.

१४ मार्च

पत्राचे तीन मसुदे झाले. पहिला फार लांब, दुसऱ्यात मीच बरोबर ठरतो, तिसरा बरा आहे. पण पोस्टाचं तिकीट नाही, आणि पोस्टात बोलावं लागतं. शिवाय पत्र आता वेळेवर पोचणार नाही. मुलीला वडिलांचं प्रदर्शन आतून कळायला हवं.

१५ मार्च

पोस्टरसाठी बाहेर पडलो. नाइलाज. स्टेशनजवळ नवं प्रिंटचं दुकान आहे. बाई बाहेरगावची, मला ओळखत नाही, म्हणजे एकांत मोडला असं म्हणता येणार नाही.

डिझाइन माझं स्वतःचं. वर माझा कृष्णधवल फोटो, वीस वर्षांपूर्वीचा. त्यात केस आहेत. भोवती काळी चौकट, म्युझियमसारखी. मग अक्षरं. सगळं एकाच ठळकपणे ओरडणारं पोस्टर मला चालत नाही. म्हणून '४०', 'विना' आणि 'मेतोदी चाकारोव' हे ठसठशीत काळ्यात. तारीख, वेळ, हॉल तेही काळ्यात. 'वर्षं', 'तडजोड' आणि 'चित्रप्रदर्शन' हे फिकट राखाडी, कुजबुजल्यासारखं.

तिच्या मशीनवर राखाडी जवळजवळ उमटलंच नाही. बाई म्हणाली, परत काढू का? मी म्हटलं, राहू दे, जे दिसत नाही तेच माणूस शोधतो. ती फोटोकडे बघून म्हणाली, तुमचे भाऊ का? मी म्हटलं, मीच. बाईचा चेहरा पडला. कलावंत समोर आला की माणसं बावचळतात.

१७ मार्च, शनिवार. सकाळी ७

धुकं. मफलर नाकापर्यंत. पन्नास पोस्टरं लावून आलो. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं.

या गावात पोस्टर लावायला जागा म्हणून नाही! दारं, झाडं, विजेचे खांब, बसथांबा, सगळीकडे गेलेल्यांचे कागद. फोटो, काळी किनार, आणि खाली तेच: ४० दिवस विना इवान, सहा महिने विना राडका, वर्ष विना अमका. कोणाचा स्मृतिदिन किती वाजता, कुठल्या हॉलमध्ये. पेत्काना काकूचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, तरी दर सहा महिन्यांनी आमच्या दारावर नवा कागद. त्या गर्दीतच माझी लावली. शेजारी शेजारी, सरळ ओळीत. उठून दिसतात.

१९ मार्च

दाराबाहेर एक वाटी. उकडलेले गहू, वर पिठीसाखर, मध्ये अक्रोड. काकूच. नवऱ्याच्या नावाने दर वर्षी वाटते. छान झाले होते. वाटी धुऊन दाराशी ठेवली.

२०, २१, २२ मार्च

रोज वाटी. काल बरोबर वाइनचा छोटा ग्लासही होता. काकूच्या नवऱ्याचं नशीब. मी मेलो तर माझ्यासाठी कोण गहू उकडणार, असा विचार आला. लगेच घालवला. उद्घाटनाच्या तोंडावर असले विचार बरे नव्हेत.

२३ मार्च, शुक्रवार

नेदेल्चेवाबाई बहिणीकडे गेल्या आहेत, उद्या सकाळी येणार. किल्ली ठरल्याप्रमाणे कुंडीखाली होती. हातगाडीवर चित्रं नेली, गारा पडत होत्या, चार फेऱ्या. एकट्याने चौतीस चित्रं टांगली. शिडी धरायला कोणी नव्हतं, तेव्हा वरची ओळ जरा खालीच आहे.

झोर्नित्सासाठी पहिल्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची ठेवली. त्यावर माझी टोपी.

मी उद्या साडेअकराला आत जाईन. कलावंताने वाट बघायला लावावी. तोवर कोट टांगायच्या खोलीत पडद्यामागे बसेन. लोक खरं काय बोलतात ते तरी कळेल. मोबाइल घरीच, कपाटात.

२४ मार्च, शनिवार. १०.५०

पडद्यामागे. वही मांडीवर. कोणीच नाही आलं तर?

११.०५

साठ माणसं! कदाचित जास्त. खुर्च्या कमी पडल्या. सगळे काळ्या कपड्यांत. मला वाटलं होतं गावाला काही कळत नाही, पण मोठ्या शहरांत अशा समारंभांना काळंच घालतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोटांची धूळ.

झोर्नित्सा दिसत नाही. टोपी खुर्चीवरच आहे.

११.०९

फुलं आणली आहेत. खाटकाने चार. शाळेतल्या बाईंनी सहा. कोस्तादिननेसुद्धा चार. सम संख्या? जिवंत माणसाला कोणी सम फुलं देतं का? वाटेत एकेक गळून पडलं असेल. वारा आहे.

११.१४

नेदेल्चेवाबाई बोलल्या. म्हणाल्या, त्याने दोनदा रद्द केलं, पण या खेपेला शब्द पाळला. हुंदका आला त्यांना. हुंदका! हॉलच्या भाड्यावरून भांडणारी बाई.

११.१७

कोस्तादिन बोलतो आहे. शब्दशः उतरवून घेतो. म्हणाला, मेतोदी माझ्यापेक्षा चांगला चित्रकार होता. मला ते कॉलेजपासून माहीत होतं. त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, कारण मग माझ्याजवळ काय उरलं असतं?

अरे कोस्त्या. चाळीस वर्षं. आता म्हणालास.

पण 'होता' का म्हणाला? बहुधा माझा सुरुवातीचा काळ अभिप्रेत असेल.

११.२१

पाद्री आले. उद्घाटनाला पाद्री! बाईंनी हद्दच केली. टेबलावर पाव, ऑलिव्ह, मेणबत्ती, आणि माझा फोटो. पेत्काना काकू सगळ्यांना चमच्याचमच्याने गहू वाढते आहे.

११.२४

पाद्रींनी माझं नाव घेतलं. कोणत्या लोकांच्या यादीत घेतलं ते आत्ता लक्षात आलं.

२४ मार्च, दुपारी ३. घरी

शांतपणे, जसं झालं तसं लिहितो.

मी पडद्यातून बाहेर आलो आणि म्हटलं, नमस्कार. आणखी काय म्हणणार? शाळेतल्या बाई खाली बसल्या. पाद्रींनी क्रूस वर धरला. कोणीतरी तीनदा थुंकलं. पेत्काना काकू तेवढी घाबरली नाही. तरातरा आली, माझा गाल चिमटीत धरून ओढला आणि ओरडली, मेल्या, तू हाडामांसाचा आहेस! आणि मी पाच दिवस तुला गहू घालतेय! वरून पावलं ऐकू यायची. आता मला बहिरीला ऐकू येतात म्हणजे आत्माच, म्हटलं. चाळीस दिवस घरात फिरतो, फिरू दे. वाटी रिकामी व्हायची तर मी आनंदाने रडायचे, की मेतोदीचा आत्मा जेवतोय!

मी पोस्टर दाखवून समजावलं. हे बघा, 'वर्षं'. हे बघा, 'तडजोड'. खाटकाने चष्मा काढून, लावून, परत काढून बघितलं. म्हणाला, इथे काही नाही, ४० विना मेतोदी चाकारोव, एवढंच आहे.

कोस्तादिन सर्वांत जास्त चिडला. म्हणाला, हे तू मुद्दाम केलंस, माझ्याकडून वदवून घ्यायला. मी म्हटलं, नाही रे. त्याने आपली चार फुलं उचलली, एक काढून कोटाच्या खिशाला लावलं, उरलेली तीन माझ्या हातात कोंबली. म्हणाला, घे, जिवंत आहेस तर तीन. आणि जे बोललो ते मागे घेतो.

पाच मिनिटांत हॉल रिकामा. चित्रांकडे कोणी बघितलं नाही. अभिप्रायाच्या वहीत साठ सह्या आहेत, सगळ्या माझ्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून.

बारानंतर फुलवाला आला. मोठं पुष्पचक्र, पांढरी फुलं, जांभळी फीत. फोनवरून ऑर्डर होती, म्हणाला, जर्मनीतून. फितीवर सोनेरी अक्षरं:

बाबा, आता राग नाही. झोर्नित्सा.

पुष्पचक्र खांद्यावर घेऊन मुख्य रस्त्याने घरी आलो. लोक टोप्या काढत होते, मग मला बघून परत घालत होते.

२५ मार्च

पेत्काना काकूने सकाळी पुरी केली ती सगळी गोष्ट. कागद बघून तिला वाटलं, मुलीने जर्मनीतून छापून घेतला. मग शुक्रवारी तिनेच झोर्नित्साला फोन लावला, की पोरी, आम्हाला कळलंच नाही ग. झोर्नित्साला वाटलं, गावाने कागद लावले आणि तिलाच कळवलं नाही. एका रात्रीत येणं शक्य नव्हतं, म्हणून फुलं.

मी काकूला विचारलं, पण मी चाळीस दिवसांपूर्वी मेलो, हे तुम्हाला खरं कसं वाटलं? प्रेत नाही, पेटी नाही, घंटा नाही. काकू खाली बघत म्हणाली, अरे, तुझं तसंच असतं ना. दिसत नाहीस. वाटलं, हॉस्पिटलमध्ये गेला असशील, तिथेच काय ते झालं असेल.

जेवलो नाही. चाळीस दिवस मी नव्हतो आणि ते कोणालाही खटकलं नाही. साठ माणसं आली, चांगली माणसं, फुलं घेऊन आली. पण त्यांतल्या एकालाही, अरे, परवाच तर दिसला होता, असं म्हणता आलं नाही.

हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.

२६ मार्च

झोर्नित्साला फोन करायचा आहे. उघड आहे. पण घाई नको. तिची ड्यूटी असेल.

पुष्पचक्र समोरच्या खिळ्याला टांगलं आहे. 'बाबा, आता राग नाही.' चार वर्षांनी. माझ्या एकाही चित्राने जे केलं नाही ते एका छापील कागदाने केलं.

२८ मार्च

आज नक्की. मोबाइल चार्ज केला, पण सुरू केला नाही. सुरू केला की लोक त्रास देतील. मग विचार केला, आता सांगून तिला धक्का कशाला? एकदा रडून झालं असेल. पुन्हा कशाला? बापाने मुलीचा विचार करायला हवा.

३० मार्च

खरं लिहितो, वही माझीच आहे. फोन केला तर राग परत येईल. मेलो आहे तोवर माफ आहे. मला काही दिवस माफ राहायचं आहे. ती जर्मनीत आहे, मी इथे. कोणाचं काही बिघडत नाही.

१ एप्रिल

फुलं पिवळी पडायला लागली. पाणी मारलं.

काम नाही. 'शांतता'कडे पाठ करून बसलो.

३ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ६

फोन केला.

तिसऱ्या रिंगला उचलला. मी म्हटलं, झोर्नित्सा, घाबरू नकोस, मी बाबा बोलतोय. ती म्हणाली, माहीत आहे. मी म्हटलं, मी जिवंत आहे. ती म्हणाली, तेही माहीत आहे. पेत्काना आजीने त्याच शनिवारी दुपारी सांगितलं.

दहा दिवस. तिला दहा दिवस माहीत होतं.

मी म्हटलं, मग तू फोन का नाही केलास? ती म्हणाली, केला. शनिवारी सात वेळा, रविवारी चार. तुझा बंद होता. मग ठरवलं, बघू या, जिवंत माणूस किती दिवसांनी स्वतःहून सांगतो.

मला खूप बोलायचं होतं. 'माफ कर' हे तर अगदी तोंडाशी होतं. मी म्हटलं, इथे हवा आता बरी आहे.

तिच्या मागे कुठेतरी भांडी वाजत होती. मग मीच विचारलं, फितीवर लिहिलंस ते? राग नाही, म्हणून?

ती म्हणाली, बाबा, ते मी गेलेल्या माणसाला लिहिलं होतं. तुझ्यावर आहे.

मी म्हटलं, बरं.

ती म्हणाली, अजून टांगून ठेवलं आहेस ना ते? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, वेडा आहेस का, जिवंत माणसाच्या घरात असलं ठेवतात का! आत्ताच्या आत्ता काढ. टाकून ये. मी फोन धरते.

मग मी पुष्पचक्र उतरवलं, पुढच्या जिन्याने खाली गेलो आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून आलो. फीत सोडवून ठेवावी असं फार वाटलं. पण ती माझ्या नावाची नव्हती.

वर आलो तेव्हा ती अजून फोनवर होती. म्हणाली, टाकलंस? मी म्हटलं, टाकलं. ती म्हणाली, मला ड्यूटीवर जायचं आहे. आणि ठेवला.